मेम्ब्रेनमधलं आयनिक लिक्विड: वाहकतेचा आकडा बघण्याआधी ते आत टिकतं का ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी पॉलिमरमध्ये आयनिक लिक्विड (कमी तापमानाला वितळणारं मीठ) मिसळून मेम्ब्रेन, म्हणजे प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारी पातळ फिल्म, करायची आहे. १२० अंशांच्या आसपास, बाहेरून ओलावा न देता चालणारी, गाडीच्या फ्युएल सेलसाठी. वाचलेल्या शोधनिबंधांत वाहकता ०.१ सीमेन्स प्रति सेंटीमीटरपर्यंत गेलेली दिसते, म्हणजे पाण्याने भिजलेल्या नाफिऑन या नेहमीच्या मेम्ब्रेनच्या बरोबरीची. मग अशा मेम्ब्रेन गाड्यांत का दिसत नाहीत? कोणतं आयनिक लिक्विड घ्यावं? आणि ओव्हन, तराजू, कंडक्टिव्हिटी मीटर आणि एलसीआर मीटर (फिल्मचा रोध मोजायला) एवढ्या सामानावर काय करता येईल?

माझी नोकरी मेम्ब्रेन ओतण्यात आणि तपासण्यात गेली, त्यामुळे शेवटच्या भागावर जास्त लिहितो. पण तापमान वाढवायचं कशाला हे आधी पक्कं करू, कारण पुढची प्रत्येक निवड त्यावर ठरते.

गाडीपुरतं मोठं कारण रेडिएटरचं आहे. सेलची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर १०० किलोवॉट वीज देणारा स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलांचा संच, जवळपास १०० किलोवॉट उष्णताही तयार करतो. डिझेल इंजिनात उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. फ्युएल सेलमधून बाहेर पडते ती कोमट, दमट हवा, तिच्याबरोबर फारशी उष्णता जात नाही आणि बहुतेक भार कूलंटवर येतो. आता सोलापूरचा मे महिना घ्या, बाहेर ४५ अंश. कूलंट ८० अंशांवर असेल तर उष्णता बाहेर टाकायला जेमतेम ३५ अंशांचा फरक मिळतो. तोच सेल १२० अंशांवर चालला तर फरक ७५ अंशांचा होतो आणि निम्म्याहून लहान रेडिएटर पुरतो. बाहेर १० अंश असणाऱ्या देशात ८० अंशांच्या सेललाही ७० अंशांचा फरक आपोआप मिळतो. म्हणून हा विषय थंड देशांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे, असं माझं ठाम मत आहे. पुणे–सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर भर दुपारी माल भरून धावणाऱ्या ट्रकसाठी हे काम व्हायला हवं.

दुसरं कारण कार्बन मोनॉक्साइडचं. ८० अंशांवर हा वायू सेलमधल्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला असा चिकटून बसतो की दहा लाखांत दहा भागसुद्धा त्रासदायक ठरतात. गाड्यांच्या हायड्रोजनसाठीच्या आयएसओ १४६८७ या मानकात त्याची मर्यादा दहा लाखांत ०.२ भाग इतकी कडक आहे. १६० अंशांवर मात्र एक-दोन टक्केही सोसतात. त्यामुळे मिथेनॉलपासून काढलेला, फारसा शुद्ध न केलेला हायड्रोजनही चालू शकतो.

नाफिऑन १९६० च्या दशकात ड्युपाँटमध्ये तयार झालं आणि आजच्या गाड्यांतल्या मेम्ब्रेन त्याच कुळातल्या आहेत. त्यातला प्रोटॉन पाण्याच्या आधाराने पुढे जातो. ८०–९० अंशांच्या वर पाणी उडालं की वाहकता कोसळते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने पीबीआय, म्हणजे पॉलिबेंझिमिडाझोल, फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून १०० अंशांच्या वरचा रस्ता दाखवला. त्या मेम्ब्रेन १६० अंशांच्या आसपास कोरड्या वायूवर चालतात. आपल्याकडे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने एनसीएल पुणे, एनपीएल दिल्ली आणि सेक्री या प्रयोगशाळा आणि थरमॅक्स, रिलायन्स यांना सोबत घेऊन ५ किलोवॉटची उच्च-तापमान फ्युएल सेल यंत्रणा बनवली. २०१९ मध्ये तिचं अनावरण झालं. पण २०२० मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी कंपनी यांनी फ्युएल सेलवरची मोटार चालवून दाखवली, तेव्हा तिच्यात ६५ ते ७५ अंशांवर चालणारा कमी तापमानाचा स्टॅक होता. एका जागी बसून वीज देणाऱ्या यंत्रणेला उच्च तापमान आणि गाडीला कमी तापमान, अशी ही निवड होती. तुमच्या ‘गाड्यांत का दिसत नाहीत’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

फॉस्फोरिक ॲसिड पाण्यात सहज विरघळतं. सेल १६० अंशांवर असतो तोवर पाणी वाफेच्या रूपात निघून जातं. गाडी बंद केली, सेल १०० च्या खाली आला, की वाफेचं पाणी होतं आणि ॲसिड त्याच्याबरोबर बाहेर यायला लागतं. दिवसातून एकदा सुरू होऊन सलग धावणाऱ्या ट्रकला हे थोडंफार सांभाळता येईल. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून निघून बाजारात थांबणाऱ्या, परत सुरू होणाऱ्या रिक्षेला अजिबात नाही. शिवाय फॉस्फेट प्लॅटिनमवर बसून ऑक्सिजनची अभिक्रिया मंदावतं.

आयनिक लिक्विड यावर उपाय म्हणून पुढे आलं. १०० अंशांच्या खाली वितळणारं मीठ, अशी त्याची नेहमीची व्याख्या. १९१४ मध्ये पॉल वाल्डेन यांनी नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट तर साध्या खोलीतही द्रव असतं. त्याचा बाष्पदाब नगण्य असल्यामुळे १२०, १५० अंशांवरही ते उडून जात नाही. नाफिऑनमधल्या पाण्याच्या जागी असं न उडणारं द्रव भरायचं, हा विचार सरळ आणि चांगला आहे.

आता ०.१ या आकड्याकडे येऊ. नाफिऑनमध्ये ब्युटिल-मिथिल-इमिडाझोलियम ट्रायफ्लेट हे आयनिक लिक्विड भरून १८० अंशांवर ०.१ सीमेन्सच्या वर वाहकता मिळाल्याचं काम २००० सालीच प्रसिद्ध झालं. आकडा खरा आहे. पण ती एकूण आयनिक वाहकता आहे, प्रोटॉनची नव्हे. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसा प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जातो, त्याला ग्रोथस मार्ग म्हणतात. दुसऱ्या मार्गात प्रत्येक मजूर आपलं घमेलं घेऊन स्वतः जिना चढतो आणि रिकाम्या हाताने खाली येतो. इमिडाझोलियम ट्रायफ्लेटमध्ये जिन्यावर गर्दी प्रचंड असते, पण कोणाच्याच डोक्यावर घमेलं नसतं. एलसीआर मीटरला फक्त गर्दी दिसते. सेलमध्ये घातल्यावर ते मोठे आयन आपापल्या इलेक्ट्रोडपाशी जाऊन साचतात आणि प्रवाह घसरत जातो.

सल्फोनेटेड पॉलिमरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. तुमच्या पॉलिमरवरच्या सल्फोनिक गटाला प्रोटॉन बांधलेला असतो. भोवती इमिडाझोलियम भरपूर असलं की तो धन आयन प्रोटॉनची जागा घेतो आणि सुटलेला प्रोटॉन ट्रायफ्लेटबरोबर ॲसिड होऊन द्रवात फिरतो. म्हणजे पॉलिमरचा जो गट आम्ही मुद्दाम कष्टाने जोडला, तोच निकामी होतो, आणि सुटं झालेलं ॲसिड पहिल्या पाण्याबरोबर निघून जातं. आयन-विनिमय क्षमता, म्हणजे प्रोटॉन देऊ शकणारे गट किती ते, टायट्रेशनने मोजा, द्रव घालण्याआधी आणि द्रव घालून धुतल्यानंतर. दोन आकड्यांतली घट ही अदलाबदल स्पष्ट दाखवते. या मोजणीला ब्युरेट पुरतो.

म्हणून निवड प्रोटिक आयनिक लिक्विडची करा, म्हणजे ॲसिड आणि बेस यांच्या थेट मिश्रणातून तयार होणाऱ्या, धन आयनावर सोडता येण्याजोगा प्रोटॉन असलेल्या द्रवाची. इथे दोन्हींच्या पीकेएमधला (पीकेए म्हणजे प्रोटॉन किती घट्ट धरला जातो त्याचं माप) फरक बघायचा. तो साधारण दहाच्या खाली असेल तर मिश्रणात न जुळलेलं ॲसिड आणि बेस शिल्लक राहतात आणि गरम केल्यावर उडतात. फरक फारच मोठा असेल तर बेस प्रोटॉनला घट्ट धरून ठेवतो. जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात मासायोशी वातानाबे यांच्या गटाने डायइथिलमिथिलअमोनियम ट्रायफ्लेट सल्फोनेटेड पॉलिइमाइडमध्ये घालून १२० अंशांवर ओलावा न देता सेल चालवून दाखवला. या विषयात पाया म्हणून वाचावं असं ते काम आहे.

तुमच्यासाठी मात्र मी ट्रायइथिलअमोनियम मेसिलेट सुचवेन. ट्रायइथिलअमाइन आणि मिथेनसल्फोनिक ॲसिड दोन्ही सहज मिळतात, ट्रायफ्लिक ॲसिडसारखं धुरकट आणि महाग काही हाताळावं लागत नाही. हुडखाली, बर्फाच्या भांड्यात अमाइन ठेवून ढवळत ढवळत ॲसिड थेंबाथेंबाने सोडा. अभिक्रिया चांगलीच तापते, घाई करू नका. अमाइन किंचित जास्त घ्या. ते ८९ अंशांना उकळतं, त्यामुळे उरलेलं व्हॅक्यूममध्ये काढून टाकता येतं. ॲसिड जास्त झालं तर ते निघत नाही, वाहकता खोटी वाढवतं आणि इलेक्ट्रोड खातं. असं जास्तीचं ॲसिड राहिल्यामुळे सुंदर दिसणारे आलेख मी बरेच तपासले आहेत. शेवटी व्हॅक्यूममध्ये नीट वाळवा, कारण एखाद टक्का पाणीसुद्धा मोजणी फसवतं.

टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या ऋण आयनांपासून दूर राहा. पाणी आणि उष्णता मिळाली की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. फ्युएल सेलमध्ये पाणी आणि उष्णता दोन्ही कायमच असतात.

पॉलिमर कोणतं? पीबीआय उत्तम आहे, पण ते डायमिथिलॲसिटामाइडमध्ये विरघळवायला लिथियम क्लोराइड आणि बराच वेळ तापवणं लागतं, आणि विकत घ्यायला महाग पडतं. एका वर्षाच्या प्रकल्पाला सल्फोनेटेड पॉलिइथर इथर कीटोन घ्या, ज्याला प्रयोगशाळेत आपण ‘स्पीक’ म्हणतो. सल्फोनेशनची मात्रा ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. त्याहून फार वर गेलात तर ८० अंशांच्या पाण्यात फिल्म फुगून फुगून विरघळायला लागते. सल्फोनेशननंतर धुणं संपलं असं वाटल्यावरही धूत राहा, धुतलेलं पाणी तटस्थ येईपर्यंत. आत अडकलेलं सल्फ्युरिक ॲसिड पुढे प्रत्येक मोजणीत डोकावतं.

ओतण्याबद्दल एक सांगतो, कारण हे पुस्तकात मिळत नाही. डायमिथिलॲसिटामाइड हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात उघड्यावर ओतलेली फिल्म कडेकडेने दुधाळ होत जाते. पॉलिमर द्रावणातून वेगळं पडायला लागल्याची ती खूण असते. आपल्याकडचा मार्च ते मे हा कोरडा काळ ओतायला छान, फक्त धूळ सांभाळा. काचेची प्लेट स्पिरिट लेव्हल लावून समपातळीत ठेवा, वर उलटा ट्रे झाका आणि आधी ६० अंशांवर सावकाश वाळवा. शेवटच्या टप्प्यात व्हॅक्यूम द्या. राहिलेला सॉल्व्हंट सल्फोनिक गटाला धरून बसतो, तो सौम्य ॲसिडमध्ये आणि मग पाण्यात धुऊन काढावा लागतो. म्हणून स्पीकची फिल्म आधी करा, धुवा, वाळवा आणि मग आयनिक लिक्विडमध्ये भिजवा. सगळं एकत्र ओतलंत तर धुताना द्रवही जाईल.

आता मुख्य भाग. या क्षेत्रातला खरा अडथळा मला कायम एकच दिसला आहे: द्रव मेम्ब्रेनमध्ये राहत नाही. कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, किती पाणी तयार होतं याचा हिशेब करा. एका चौरस सेंटीमीटरमधून १ अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाणी होतं. ५० मायक्रॉन जाडीच्या तेवढ्याच मेम्ब्रेनचं वजन साधारण साडेसहा मिलिग्रॅम. म्हणजे दर तासाला मेम्ब्रेनच्या वजनाच्या पन्नासेक पट पाणी तिच्या एका अंगाला तयार होतं. १२० अंशांवर त्यातलं बहुतेक वाफ म्हणून जाईल. गाडी बंद करताना आणि सुरू करताना मात्र त्यातलं काही द्रवरूपातच राहणार, आणि आयनिक लिक्विड त्यात विरघळणार.

हे तुम्हाला तुमच्याच सामानात मोजता येतं. मेम्ब्रेनचे तीन-तीन सेंटीमीटरचे चौकोन कापा. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि डेसिकेटरमध्ये गार करून मग वजन घ्या. उघड्यावर गार केलेला तुकडा तराजूवर ठेवला की शेवटचा आकडा वर वर सरकत राहतो, कारण स्पीक तिथल्या तिथे ओलावा घेत असतं. मग तुकडा मोजलेल्या डिस्टिल्ड पाण्यात, झाकणबंद बाटलीत, ८० अंशांवर ठेवा आणि ठरावीक वेळांनी थोडं पाणी काढून, २५ अंशांवर आणून, कंडक्टिव्हिटी मीटरने मोजा. मोजलेलं पाणी परत बाटलीत घाला. तुमचं आयनिक लिक्विड पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात विरघळवून आधीच कॅलिब्रेशनची रेषा काढून ठेवली, तर मीटरच्या आकड्यावरून किती द्रव बाहेर आलं ते थेट मिलिग्रॅममध्ये कळतं. शेजारी द्रव न घातलेल्या स्पीकचा तुकडा तसाच ठेवा, नाहीतर आत राहिलेलं ॲसिड कोणतं आणि आयनिक लिक्विड कोणतं हे सांगता येणार नाही. २४ तासांनी तुकडा बाहेर काढा, वाळवा, वजन करा आणि वाहकता परत मोजा. नुसतं भिजवून भरलेलं द्रव असेल तर मीटरचा काटा पहिल्या तासातच उसळी घेतो. हे बघून खचू नका, हाच तुमचा पायाभूत आकडा.

दुसरी तपासणी दाबाची. स्टॅकमध्ये मेम्ब्रेन घट्ट आवळलेली असते. तुकडा दोन फिल्टर पेपरांमध्ये ठेवून वर वजन द्या, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवा आणि पेपरचं वजन किती वाढलं ते बघा. आयनिक लिक्विड पॉलिमरला मऊही करतं, त्यामुळे ४०–५० टक्के भरलेली फिल्म हाताला रबरासारखी लागते आणि दाबाखाली पातळ होत जाते. वाहकता वाढवायला द्रव वाढवायचं आणि ताकद गमवायची, हा पेच प्रत्येकाला सोडवावा लागतो.

वाहकता मोजताना जाडीच्या दिशेने मोजायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. १०० मायक्रॉन जाड, ०.०१ सीमेन्सची मेम्ब्रेन एका चौरस सेंटीमीटरला जाडीच्या दिशेने फक्त १ ओहम दाखवते. तुमच्या तारा आणि संपर्कच त्याहून जास्त रोध देतील. तीच फिल्म एक सेंटीमीटर रुंद पट्टी करून अडीच सेंटीमीटर अंतरावर लांबीच्या दिशेने मोजली तर २५,००० ओहम येतात, आणि साधा एलसीआर मीटर ते नीट मोजतो. चार तारांची जोडणी करा आणि तुकडा आधी मोजणीच्या तापमानाला कोरडा होऊ द्या.

गाडीला शेवटी वाहकता लागत नाही, रोध कमी लागतो. ५० मायक्रॉनची, ०.०१ सीमेन्सची मेम्ब्रेन दर चौरस सेंटीमीटरला ०.५ ओहम देते. १ अँपिअर प्रवाहाला अर्धा व्होल्ट तिथेच जातो, आणि एका सेलचा कामाचा व्होल्टेज ०.६–०.७ च्या आसपास असतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं गाड्यांच्या मेम्ब्रेनसाठीचं लक्ष्य ०.०२ ओहम चौरस सेंटीमीटर आहे. ते गाठायला ०.१ सीमेन्सची वाहकता आणि २० मायक्रॉनची जाडी दोन्ही हवीत. द्रवाने मऊ झालेली फिल्म २० मायक्रॉनवर हायड्रोजन अडवून धरेल असं आतून मजबुती दिल्याशिवाय होत नाही. आकड्यांत बघितलं की गाडी अजून किती लांब आहे ते कळतं.

टिकवण्याचे उपाय लोकांनी बरेच केले आहेत. सिलिका, ग्राफीन ऑक्साइड यांच्यात द्रव अडकवण्याने गळती मंदावते, पण त्यावर माझा फार विश्वास नाही, कारण पाण्याला वेळ दिला की तेही सोडून देतात. व्हिनाइल इमिडाझोलियमसारखं आयनिक लिक्विडच पॉलिमर करून टाकलं तर धन आयन जागचा हलत नाही, पण वाहकता खूप खाली येते. मला सर्वांत आशादायक वाटते ती पॉलिमरला बांधलेल्या आयनाने ॲसिड धरून ठेवण्याची दिशा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस ॲलामोस प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झालेल्या कामात पॉलिमरवर धन भार असलेले क्वाटर्नरी अमोनियम गट जोडून त्यांच्याशी बायफॉस्फेटची (फॉस्फोरिक ॲसिडपासून होणाऱ्या ऋण आयनाची) जोडी बांधली. ही पकड पीबीआयपेक्षा मजबूत निघाली आणि सेल ८० ते २०० अंशांच्या पट्ट्यात चालला. ८० अंशांवर सुरू होणारा सेल गाडीला चालतो, त्यामुळे हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं. आयनिक लिक्विडमधला धन आयन आणि हा अमोनियम गट रासायनिकदृष्ट्या नातेवाईकच आहेत. तुम्ही पुढे पीएच.डी. करणार असाल तर या बाजूने या.

प्रकल्पासाठी चार फिल्म पुरेत: नुसतं स्पीक, स्पीक अधिक इमिडाझोलियम ट्रायफ्लेट, स्पीक अधिक ट्रायइथिलअमोनियम मेसिलेट, आणि तिसरीचाच एक प्रकार ज्यात टिकवण्याचा एक उपाय केला आहे. द्रवाचं प्रमाण तिन्हींत सारखं ठेवा. वाहकता, टायट्रेशन, पाण्यातली गळती, दाबाखालची गळती, एवढं चारही फिल्मवर पूर्ण करा. फेंटन तपासणीही करता येईल: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये किंचित लोह घालून ८० अंशांवर किती काळ फिल्म तग धरते ते बघायचं.

वापरलेलं आयनिक लिक्विड बेसिनमध्ये ओतू नका. ते हवेत उडत नाही म्हणून त्याला ‘हरित’ म्हणतात, पण लांब साखळीची इमिडाझोलियम द्रवं पाण्यातल्या जीवांना विषारी असतात. बाटलीत जमा करून घातक कचऱ्याबरोबर द्या.

प्रोटॉनच जातो आहे की नाही हे खात्रीने सांगणारी तपासणी म्हणजे हायड्रोजन पंप: दोन्ही बाजूंना हायड्रोजन, छोटा व्होल्टेज, आणि प्रवाह तासन्तास टिकतो का ते बघणं. कॉलेजात हायड्रोजनचा सिलिंडर आणून हे करू नका, त्याला गळती-सूचक आणि हवेशीर व्यवस्था लागते. तुमच्या गाईडमार्फत पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेला विचारा, वेळ मिळायला महिना-दोन महिने जातात म्हणून लवकर विचारा. नमुने पाठवण्याआधी त्यांच्या सेलचं क्षेत्रफळ विचारून घ्या आणि गॅस्केटखाली जाईल एवढी कड जास्त ठेवून कापा. प्रत्येक तुकडा दोन टेफ्लॉन शीटमध्ये ठेवून सिलिका जेलसह डबीत बंद करा. ॲल्युमिनियम फॉइल वापरू नका, आम्लयुक्त फिल्म ते खाते आणि ॲल्युमिनियमचे आयन मेम्ब्रेनमध्ये शिरतात.